पन्हळीवरचा सीमाप्रश्न

सरळ छपरावर कौलं चढवायला अक्कल लागत नाही, असं आमचा मेस्त्री म्हणतो. रिपेला, म्हणजे छपराच्या आडव्या पट्टीला, कौलाच्या मागचा उंचवटा अडकवायचा, शेजारी दुसरं बसवायचं, झालं. अक्कल लागते ती दोन उतार जिथं भेटतात त्या पन्हळीत. तिथं प्रत्येक कौल तिरकं कापावं लागतं, आणि कुणी किती माघार घ्यायची यावर दोन्ही उतार अडून बसतात. बेळगावकडच्या माणसाला १९५६ पासून असल्या प्रश्नाची सवय आहे म्हणा.

यंदा पडवी वाढवली आणि हा प्रश्न घरातच आला. मे महिन्यात अख्ख्या खानापूर तालुक्यात शाकारणी चालू असते, त्यामुळं मेस्त्री मिळाला यातच निम्मं छप्पर झालं. हा माझाच जुना विद्यार्थी. भूमितीत काठावर पास. त्यानं पन्हळीवर आधी अख्खी कौलं मांडली, खडू लावलेली दोरी ताणून एकदा टणकन सोडली, आणि कोनमापक न वापरता सगळ्या कौलांवर तिरकी रेघ उठली. मग प्रत्येकावर नंबर घालून ती खाली उतरवायला मला लावलं. मंगळुरी कौल सव्वादोन-अडीच किलोचं असतं, हे मला माझ्या कमरेनं सांगितलं.

"वरच कापून टाक की," मी म्हणालो.

"छपरावर मशीन चालवायची न्हाई, गुरुजी. पाय बघू की पातं बघू?"

मशीन चार इंची. पातं डायमंडचं, कडेला खाचा नसलेलं; खाचांच्या पात्यानं कौलाची धार कुरतडल्यासारखी होते म्हणे. ते मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतं. त्याच्यावरचं गार्ड काढलं तर दिसायला सोपं पडेल, अशी सूचना कुंपणापलीकडून तात्यांनी केली. तात्यांनी आयुष्यात कौल कापलेलं नाही, पण कापणारे पुष्कळ बघितलेत. मेस्त्रीनं उत्तर म्हणून माझ्याच डोळ्यांवर गॉगल चढवला. "कौल फुटलं तर आणि एक मिळतंय. डोळा फुटला तर आणि एक कुठनं आणायचा?"

नाकाला मी रुमाल बांधला होता. तोही त्यानं नापास केला. कौलाच्या मातीत वाळू असते, तिची बारीक धूळ रुमालातून आरपार जाते आणि फुफ्फुसात कायमची मुक्काम ठोकते. कपाटात कोरोनातले एन-९५ मास्क पडून होते, ते निघाले.

इथवर सुरक्षिततेचं झालं. स्वच्छतेचं खातं आमच्या घरी हिच्याकडं आहे. पहिल्याच कौलाला पातं लागलं आणि तांबड्या धुळीचा लोट उठून थेट माडीकडं निघाला. माडीवर उडदाचे पापड वाळत होते. "अहो, एका जरी पापडाला कौलाचा रंग लागला तर पावसाळाभर तेच वाढीन!" मशीन बंद झाली.

तोडगा पाण्याचा निघाला. मेस्त्रीनं आधी मीटरच्या पेटीत डोकावून ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, आहे ना, चालतो ना, ते बघितलं. मग कौलं बादलीत भिजत घातली आणि माझ्या हातात झाकणाला भोकं पाडलेली बाटली दिली. पाणी रेघेवर, मशीनवर थेंब नाही. तो आधी उथळ चीर पाडायचा, मग त्याच चिरेतून हळूहळू खोल जायचा, अजिबात न दाबता. कौल पापुद्रा न उडता कापल्या खरवसासारखं सुटायचं. धुळीच्या जागी तांबडा रबडा होऊन माझ्या लेंग्यावर उतरू लागला. पापड वाचले, लेंग्याची दखल कुणी घेतली नाही.

पाण्यानं नंबर मात्र धुतले गेले. खडूच तो. तात्या म्हणाले, "मी म्हणणारच होतो."

मग अंगणात तिरकी कौलं जुळवत बसलो. मेस्त्री धारेवरून नुसतं बोट फिरवून सांगायचा, हे खालचं, ते वरचं. अगदी कोपऱ्यातल्या चिमुकल्या तुकड्यांना त्यानं भोक पाडलं आणि तांब्याच्या तारेनं रिपेला बांधलं, नाहीतर पहिल्या वळवातच ते पन्हळीतून घसरत अंगणात येतात. संध्याकाळी खालून बघितलं तर दोन्ही उतारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी, सुतात.

"झालं एकदाचं," मी मास्क काढला.

"एक बाजू झाली, गुरुजी. पडवीला दोन पन्हळी असतात. दुसरी उद्या."

दुसरी तात्यांच्या बाजूला आहे. त्यांच्या सूनबाईंनी तिकडं सांडगे घातलेत.