‘हिवाळी ट्रेकला फारशी तयारी लागत नाही’: या सल्ल्याचा मुद्द्यागणिक प्रतिवाद

थंडीची चाहूल लागली की व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरू लागतो. शब्द दरवर्षी थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. पहाटे निघा, तेव्हा हवा शुद्ध असते आणि कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं. हिवाळ्याचं ऊन बाधत नाही, टोपीबिपी नको. पाण्याची एक बाटली पुरते. गरम कपडे अंगभर घाला. साधे बूट चालतात. थंडीत साप-किडे बाहेर पडत नाहीत. आणि सूर्यास्त बघितल्याशिवाय गड उतरू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सह्याद्रीत भटकण्याचा सगळ्यात सुंदर काळ, याबद्दल वादच नाही. म्हणून तर हा सल्ला खटकतो. लिहिणाऱ्यानं थंडीचा विचार केलाय, उन्हाचा केलेला नाही. आपल्या डोंगरांत हिवाळा म्हणजे निरभ्र आभाळ, कोरडी हवा आणि दिवसभराचं लख्ख ऊन. तयारी करायची ती त्या उन्हाची.

‘पहाटेची हवा शुद्ध, कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व’

गडाच्या पायथ्याच्या गावात पहाटेची हवा चांगली असेल. शहरातल्या टेकडीवर मात्र हिवाळ्यात नेमकं उलटं घडतं. निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, आणि वर तुलनेनं उबदार हवेचा थर झाकण घातल्यासारखा बसतो. वाहनांचा धूर, जाळलेला कचरा, शेकोट्या, धूळ, सगळं त्याखाली कोंडतं. वेताळ टेकडीवरून सकाळी साडेसातला पुण्याकडे पाहिलं तर शहरावर करडा पट्टा दिसतो, तो हाच. ऊन वर चढून जमीन तापली की हवा ढवळली जाते आणि साधारण नऊ-दहानंतर पट्टा विरतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि वयस्कर मंडळींनी हिवाळ्यात शहरात फिरायला नऊनंतर निघावं. पहाटे पाचच्या अट्टहासात काही कमाई नाही.

ड जीवनसत्त्वाचं गणित सूर्याच्या उंचीचं आहे. त्वचेत हे जीवनसत्त्व ज्या अतिनील किरणांमुळे तयार होतं, ते सूर्य खाली असताना वातावरणातल्या ओझोनमध्ये बहुतेक गळून जातात. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. आठ वाजता तो क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर असतो आणि तुमची सावली तुमच्या पाचपट लांब पडते. खूण सोपी आहे: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते किरण पुरेसे पोचायला लागतात. २१ डिसेंबरला पुण्यात ही वेळ साधारण साडेअकरा ते दीड. नागपुरात त्या दिवशी भरदुपारचा सूर्यही ४५ अंशांच्या किंचितच वर जातो, म्हणजे तिथे ही वेळ आणखी तोकडी.

कोवळं ऊन सुखाचं असतं, अंग मोकळं होतं, झोपेचं घड्याळ जागेवर येतं. त्याचा आनंद जरूर घ्यावा. पण ड जीवनसत्त्वासाठी दुपारच्या जेवणाच्या थांब्यावर बाह्या आणि पँट वर दुमडून थोडा वेळ उन्हात बसणं जास्त कामाचं, आणि मग पुन्हा अंग झाकून चालू लागावं. गाडीच्या बंद काचेतून येणारं ऊन या कामी शून्य. तपासणीत कमतरता निघाली असेल तर औषध डॉक्टरांचंच घ्या, ट्रेक हा त्याला पर्याय नाही.

‘हिवाळ्याचं ऊन बाधत नाही’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीही पुण्यात दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो. लंडनमध्ये तो तितका वर यायला एप्रिलचा मध्य उजाडतो. शिवाय दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. गार वारा अंगावर येत असतो, त्यामुळे चटका कळत नाही. कळतं ते संध्याकाळी, आंघोळीचं गरम पाणी मानेवर पडल्यावर.

तिरपं ऊन टाळूपेक्षा चेहरा, कान आणि मान भाजतं. म्हणून पुढे झापड असलेली क्रिकेटची टोपी अपुरी पडते. चहूबाजूंनी सात-आठ सेंटिमीटर काठ असलेली, हनुवटीखाली दोरी बांधता येणारी टोपी घ्या. दोरी नसेल तर डोंगराच्या धारेवर वाऱ्याच्या पहिल्याच झोतात टोपी दरीत जाते. पूर्ण बाहीचा सैल सदरा सनस्क्रीनपेक्षा भरवशाचा. सनस्क्रीन लावायचंच तर एसपीएफ ३० किंवा वरचं, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, निघण्याआधी वीस मिनिटं, आणि घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. कानाच्या पाळ्या, हनुवटीची खालची बाजू आणि पंजाची पाठ हमखास राहून जाते. ओठांना तूप किंवा कोकमतेल लावलं तर ओठ फुटत नाहीत, पण उन्हापासून बचाव होत नाही. त्यासाठी एसपीएफवालाच लिप बाम हवा.

यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे वाट निवडणं, आणि तिच्याबद्दल त्या सल्ल्यात अवाक्षर नाही. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, दिवसभर दक्षिणेकडून फिरतो आणि नैऋत्येला मावळतो. त्यामुळे डोंगराची दक्षिण बाजू दिवसभर तापते आणि उत्तरेच्या उभ्या अंगाला कित्येक तास सावली राहते. सिंहगडाची आतकरवाडीची वाट उत्तर अंगानं चढते, म्हणून डिसेंबरात ती उशिरापर्यंत सुसह्य असते. गडाच्या दुसऱ्या अंगाला, कल्याण दरवाजाच्या वाटेवर, ऊन थेट पाठीवर येतं. कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या वाटांचं वेळापत्रक आणखी वेगळं. कड्यांची तोंडं पश्चिमेला असल्यानं सकाळी सगळी वाट कड्याच्याच सावलीत असते. कर्जतकडच्या कोंढाणे लेण्यांवरून राजमाचीला चढायचं असेल तर सातला सुरुवात करा, चढ सावलीत उरकतो. तीच वाट दुपारी दोनला धरली तर सूर्य पूर्ण वेळ अंगावर. लोणावळ्याकडून राजमाचीला जाणारा रस्ता सपाटीचा पण लांब, पंधरा किलोमीटरच्या आसपास, आणि बऱ्याच भागात उघडा. नकाशा हातात आला की आधी उत्तर कुठे ते बघा आणि मग ‘सकाळी कुठली बाजू, दुपारी कुठली’ हे ठरवा. एवढ्या एका सवयीनं हिवाळ्यातलं चालणं कष्टाचं न राहता खरोखर आनंदाचं होतं.

‘एक बाटली पुरते, आणि चालताना पाणी पिऊ नये’

हिवाळ्यात घाम कमी दिसतो, कारण कोरड्या वाऱ्यात तो आल्या आल्या उडून जातो. शर्टावर पांढरे मिठाचे डाग दिसले की समजावं, घाम आला होता. गारव्यात तहान मंद होते आणि लघवी जास्त होते. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला नेतात: शरीर कोरडं पडतं आणि पत्ता लागत नाही. दुपारी दोननंतरची डोकेदुखी आणि उतरताना मांडीत येणारे गोळे बहुतेक वेळा इथून सुरू होतात.

पाच-सहा तासांच्या भटकंतीला माणशी तीन लिटर. दर वीस मिनिटांनी तीन-चार घोट, तहान असो वा नसो. ढसाढसा अर्धा लिटर प्यायलं तर पोट डचमळतं आणि दम लागतो. ‘चालताना पिऊ नये’ ही समजूत त्यातूनच आली असावी. तीनपैकी एक लिटरमध्ये सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ आणि एक लिंबू घाला. मीठ अंदाजानं घालू नका: जास्त झालं तर मळमळतं, आणि लहान मुलांना तर अपायच होतो. मधुमेह किंवा रक्तदाबाचं औषध चालू असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्या. आणि हे सरबत तांब्याच्या बाटलीत मुळीच भरायचं नाही. लिंबाच्या आम्लात तांबं उतरतं आणि वांत्या होतात.

गडावरच्या टाक्याचं पाणी गार आणि नितळ दिसतं. रुमालातून गाळलं की काडीकचरा निघतो, जंतू राहतातच. खळखळून एक मिनिट उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. पाय, भांडी, साबण टाक्यात नको. त्याच पाण्यावर गडावरची माणसं आणि गुरं उन्हाळ्यापर्यंत काढतात.

‘गरम कपडे अंगभर घाला’

पुण्याच्या परिसरात डिसेंबरात पहाटे बारा अंश आणि दुपारी तीस, असा दिवस नवलाचा नाही. पहाटेच्या बाराला साजेसा जाड स्वेटर घालून चढ सुरू केला की पंधरा मिनिटांत बनियन चिंब होतं, आणि माथ्यावरच्या वाऱ्यात तेच ओलं बनियन हुडहुडी भरवतं. चालायला लागताना थोडी थंडी वाजायला हवी. आत पातळ टीशर्ट, वर पूर्ण बाहीचा सदरा, आणि सॅकमध्ये हलकं विंडचीटर. माथ्यावर पोचल्या पोचल्या, गारवा जाणवायच्या आत, ओला काढून कोरडा टीशर्ट घालायचा. तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला असावा, नाहीतर घामेजलेल्या सॅकमध्ये तोही दमट होतो.

सुती कपडे वर्ज्य, असं हल्ली सर्रास सांगतात. तो नियम बर्फाच्या आणि पावसाच्या मुलखातला आहे. आपल्या कोरड्या उन्हात दिवसभरासाठी पातळ सुती सदरा उत्तम, फक्त बदलायला एक हवा. जीन्स मात्र नकोच. गुडघा उचलताना ती अडते आणि घामानं जांघा सोलवटतात.

‘पावसाळा संपला, आता साधे बूट चालतात’

पावसात शेवाळ असतं, हिवाळ्यात घसारा. ऑक्टोबरनंतर वाटेवरची माती सुकून भुगा होते आणि कातळावर बारीक मुरूम पसरतो. वाळलेलं गवत उताराच्या दिशेनं आडवं पडलं की त्यावरून पाय सपकन सटकतो. तळाला खोल खाचा असलेलेच बूट हवेत, झिजलेले जॉगिंगचे नकोत.

कपाटातले ‘दोनदाच वापरलेले’ बूट जास्त फसवतात. बऱ्याच बुटांच्या तळव्यातला मधला फोमचा थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणानं तो वापर नसतानाही आतून कुजतो, आणि दोन-तीन पावसाळे कपाटात काढलेला बूट वरून नवा दिसला तरी गडाच्या अर्ध्या वाटेत तळवा सोडून देतो. आठवडाभर आधी बूट बाहेर काढा. तळवा दोन्ही हातांनी वाकवा, फोमच्या कडेवर अंगठ्याचं नख दाबा. भेगा दिसल्या किंवा भुसा निघाला तर तो बूट डोंगरात न्यायचा नाही. नुसता डिंक सुटला असेल तर चांभाराकडून कडेनं शिवून घेता येतो. सॅकमध्ये दोन मीटर नायलॉनची दोरी ठेवा. सुटलेला तळवा बांधून खाली येता येतं.

नखं दोन दिवस आधी कापावीत. उतरायला लागण्यापूर्वी बसून बुटाची नाडी पूर्ण सोडा, टाच जमिनीवर आपटून पाय मागे सरकवा आणि घोट्यापाशी घट्ट बांधा. ही दोन मिनिटं वाचवली की अंगठ्याचं नख काळं पडतं.

‘थंडीत साप-किडे नसतात’

असतात. सकाळच्या उन्हात ऊब घ्यायला फुरसं वाटेवरच्या दगडालगत येतं, आणि घोणशीचा तर हा मीलनाचा हंगाम. कातळावर हात टाकण्यापूर्वी वरची जागा बघा, वाळक्या गवतात काठी आपटत चला. दंश झाला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही करू नका. अंगठ्या-कडं काढा, दंशाचा हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला शक्यतो न चालवता उचलून खाली आणा आणि १०८ ला फोन लावा.

कड्यांच्या कपारीत आणि लेण्यांच्या कमानीखाली आग्या मोहोळं लटकलेली असतात. त्यांना धूर, अत्तर आणि आरडाओरडा खपत नाही. माश्या उठल्या तर हातवारे न करता तोंड आणि मान झाकून आल्या वाटेनं दूर व्हायचं, कड्याकडे धावायचं नाही. काटे नखानं लगेच खरवडून काढा. ओठ सुजले, श्वास लागला किंवा डंख बरेच असले तर तडक दवाखाना गाठा. शेकोटी गडावर पेटवूच नये. वाळल्या गवतात एक ठिणगी पडली की वणवा डोंगराची अख्खी सोंड खातो.

‘सूर्यास्त बघूनच उतरा’

डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही, साडेसहाला काळोख. पूर्वेच्या नाळेत (डोंगरातल्या अरुंद घळीत) आणि रानात तर पाचलाच झाकोळतं. घसाऱ्याची वाट अंधारात उतरणं हा धोकाच आहे, आणि मुक्कामाची सोय नसेल तर तो कशाला पत्करायचा?

घरच्या मंडळींसह चढ धरताना ताशी तीनशे मीटर उंची धरा. सहाशे मीटर चढायला दोन तास, उतरायला दीड, आणि थांबे वेगळे. माथा एकच्या आत गाठायचा, अडीचला उतरायला लागायचं. दोन वाजता माथा दिसत असला तरी पोचलेला नसाल, तर तिथूनच मागे फिरा. सूर्यास्त पाहायचाच असेल तर गाडीरस्ता वरपर्यंत गेलेला गड निवडा.

एवढं करूनही उशीर होऊ शकतो, म्हणून दर माणशी एक हेडटॉर्च हवा. मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो आणि फोन करायची वेळ आली की चार्जिंग संपलेलं असतं. साध्या सेलवर चालणाऱ्या टॉर्चमधला एक सेल उलटा घालून ठेवा, म्हणजे सॅकमध्ये बटण दाबलं गेलं तरी तो पेटत नाही. उतरायला लागण्यापूर्वी, उजेड आहे तोवरच, सेल सरळ करून टॉर्च खिशात घ्या.