खुलासा : भटक्या कुत्र्यांची जबाबदारी कुणाची?

‘भटके कुत्रे प्राणिमित्र संस्थांनी सांभाळायचे, पालिकेचे हात कायद्याने बांधलेले आहेत’ असा मजकूर सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि रेबीज लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेचीच जबाबदारी. संस्था नेमली तरी ती टळत नाही. बंधन आहे ते कुत्रे मारण्यावर किंवा कुठेतरी नेऊन सोडण्यावर.

तक्रार लेखी करा, पोचपावती घ्या. ‘कुत्र्यांचा त्रास’ एवढंच लिहिलं तर पथक येऊन रिकाम्या हाताने परततं. नेमकी जागा, दिसण्याची वेळ, रंग आणि मुख्य म्हणजे कानाला खाच आहे का, ते लिहा. खाच म्हणजे शस्त्रक्रिया झालेली. लाळ गळणारा, तोल जाणारा कुत्रा मात्र लगेच फोनवर कळवा. रेबीजचा संशय असलेल्याला वेगळं ठेवावंच लागतं.