चिरंजीवांना व्हाइट हाउसमध्ये पाठवायचंय?

चिरंजीव न्यू जर्सीत जन्मले ना? मग निम्मं काम झालं. जन्माने नागरिक, 14 वर्षं अमेरिकेत वास्तव्य आणि वय 35, एवढ्यावर घटनेचं समाधान होतं. कॅमेऱ्याचं होत नाही. तेव्हा गणिताची शिकवणी आजच बंद करा.

आधी मेकअप. 26 सप्टेंबर 1960 ला शिकागोच्या स्टुडिओत, अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या पहिल्या टीव्ही वादविवादाआधी, निक्सन यांनी मेकअपला नकार दिला आणि दाढीचे खुंट झाकण्यापुरतं काहीतरी चोपडलं. गुडघ्याच्या दुखण्यामुळे इस्पितळात राहून आलेले, त्यामुळे कॉलर मानेभोवती ढिली. करडा सूट मागच्या करड्या भिंतीत विरघळलेला. वर हनुवटीवर घाम. मेकअप नको, असं प्रतिस्पर्धी केनेडीही म्हणाले होते. फक्त त्यांच्या माणसाने आत नेऊन हळूच हात फिरवला! निवडणूक केनेडी जिंकले, देशभर मिळून लाख-सव्वा लाख मतांच्या फरकाने. चारचौघांत नाही म्हणायचं आणि आत जाऊन लावून घ्यायचं, हा धडा घरीच गिरवता येईल.

मुद्देसूद बोलायची खोड असेल तर मोडा. 1968 मध्ये संध्याकाळच्या बातम्यांत उमेदवाराचं सलग बोलणं चाळीसेक सेकंद दाखवत, 1988 पर्यंत ते दहाच्या आत आलं. तेवढ्यात आरोग्य विमा समजावून सांगता येत नाही, प्रतिस्पर्ध्याला टोपणनाव मात्र आरामात ठेवता येतं.

ओरडायचं झालं तर हातातला माइक कसला आहे ते आधी विचारा. 2004 मध्ये आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीतले हॉवर्ड डीन गच्च भरलेल्या सभागृहाच्या गोंगाटावर आवाज चढवून बोलत होते. माइकने गोंगाट गाळला आणि घरोघरी पोचली ती एकट्या माणसाची किंकाळी. वाहिन्यांनी ती दिवसेंदिवस वाजवली. (आयोवातल्या पक्षांतर्गत मतदानात ते आधीच तिसरे आले होते, पण ते कोण लक्षात ठेवतो?)

आता पॉडकास्ट. 1858 मध्ये लिंकन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी डग्लस तीन-तीन तास वाद घालत. 2024 मध्ये ट्रंपही पॉडकास्टवाल्या जो रोगनसमोर जवळजवळ तीन तास बसले. घाबरू नका, हल्ली समोर डग्लस नसतो.

आणि तत्त्वं? ट्रंप यांनी 2020 मध्ये टिकटॉकवर बंदीचा आदेश काढला, 2024 मध्ये तिथेच खातं उघडलं. बायडन यांनी त्याच वर्षी टिकटॉक विका नाहीतर बंद करा, या कायद्यावर सही केली. त्यांच्या प्रचाराचं खातं मात्र चालूच राहिलं. चिरंजीवांना दोन फोन घेऊन द्या.