अंतराळवीराचा डीएनए ७ टक्के बदलला? नाही

सांगली-मिरजेतल्या पालकांच्या ग्रुपांवर एक जुना मेसेज पुन्हा फिरतोय : ‘अंतराळातल्या किरणांनी स्कॉट केलीचा ७ टक्के डीएनए बदलला, आता तो जुळ्या भावासारखा राहिलाच नाही.’ हा चक्क ‘ध’चा ‘मा’ आहे.

केली हा नासाचा अंतराळवीर. २०१८मध्ये ही बातमी जगभर झळकली, तेव्हाच नासाने खुलासा केला होता. ७ टक्क्यांचा आकडा जनुकांच्या कामाचा आहे, म्हणजे कोणतं जनुक किती चालू, किती बंद. परतल्यावर बहुतेकांचं काम पूर्ववत झालं. सहा महिन्यांनीही न झालेल्यांचा हा आकडा. मिरजेच्या तंबोऱ्याची तार तीच राहते, जवारी हलली की आवाज बदलतो, तसं. आणि माणूस-चिंपांझी यांच्या डीएनएतला ढोबळ फरकच एक-दोन टक्क्यांचा! सात टक्के बदलले असते तर यानातून उतरलं कोण, हा प्रश्न फॉरवर्ड करणाऱ्यांना पडू नये?

किरणांनी काहीच होत नाही, असंही नाही. केलीच्या ३४० दिवसांच्या मुक्कामात अंतराळ स्थानकावर काढलेलं काही रक्त सोयुझ यानातून खाली आणून ताजं असतानाच तपासलं. गुणसूत्रं रंगवून पाहिली, तर काहींचे तुकडे तुटून उलटे जोडले गेले होते. किरणांच्या माऱ्याची ही ओळखीची खूण. परतल्यानंतरच्या रक्तातही ती दिसत राहिली. अर्थात, हा एकाच माणसाचा अभ्यास. भाऊ मार्क तुलनेसाठी पृथ्वीवर होता. दोघे आजही एकसारखे जुळेच आहेत.