ड्रॉपरवरची रेघ

पोरीची व्हिटॅमिन डीची पहिली बाटली संपली. नवऱ्याने दुसऱ्या कंपनीची आणली. मी सवयीने ड्रॉपर १ मिलीच्या रेघेपर्यंत भरायचा आणि तिच्या गालाशी सोडायचा, असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सहज लेबल वाचलं. जुन्या बाटलीत १ मिलीला ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक), नव्या बाटलीत ८००! पोटात गोळाच आला. डॉक्टर शांत होते. सहा महिन्यांखालच्या बाळाला रोज १००० पर्यंत चालतं म्हणाले, उद्यापासून अर्धा मिली द्या.

सुटलो. पण काही बाटल्यांत एकेका थेंबात ४०० आययू असतं. तिथे मी अख्खा मिली दिला असता तर आकडा दहा हजारांच्या आसपास गेला असता. असं रोज जात राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, किडनीवर येतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१० मध्ये ड्रॉपरच्या या गोंधळाबद्दलच इशारा दिला होता.

म्हणून थेंबच नकोत, असं मी म्हणत नाहीये. आईचं दूध कितीही उत्तम असलं तरी त्यात डी फारच कमी उतरतं, त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाला रोजचे ४०० लागतातच. लोहाचं गणित वेगळं. बाळ त्याचा साठा गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत घेऊन येतं आणि तो चार-सहा महिने पुरतो. लवकर जन्मलेल्याची ही शिदोरीच अपुरी असते, म्हणून त्याला लोह आधी सुरू करावं लागतं. (नाळ मिनिटभर थांबून कापली तरी साठ्यात भर पडते, हे मला बाळंतपणानंतर कळलं.) लोह सुरू झालं की शी काळी होते, तेही आधी कुणी सांगत नाही. पहिल्यांदा बघून मी रडले होते.

माझा राग आहे तो 'बाळसं धरत नाहीये' म्हणून कुणीही सुचवलेल्या मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम आणि भुकेच्या टॉनिकांवर. वजन नीट वाढत नसेल तर आधी पाजणं बघा ना! शिवाय दोन बाटल्यांत तेच डी असलं तर बेरीज कोण करतं?

हल्ली मैत्रिणी विचारतात, "तू कुठले थेंब देतेस?" मी म्हणते, आधी तुझ्या बाटलीच्या लेबलचा फोटो पाठव. जुना ड्रॉपर चांगला होता, धुऊन ठेवला होता. परवा तो कचऱ्यात टाकला.