आधी विचारपूस करा, मग सलाईन लावा

सकाळपासून डोकं फिरलंय. मोबाईल उघडला तर जाहिरात: 'नैराश्य एका सेशनमध्ये गायब! केटामाइन थेरपी, आजच बुक करा.' सोबत सूर्योदय आणि हात पसरून उभी असलेली एक बाई. गायब म्हणे! शर्टावरचा डाग आहे का तो?

माझी मावसबहीण यातून गेली आहे (तिला विचारूनच लिहितेय). गोळ्या बदलून झाल्या, समुपदेशन झालं, तरी सकाळी अंथरुणातून उठणं तिला जमत नव्हतं. केटामाइनचं कुठेतरी वाचून तिने मला क्लिनिक शोधायला लावलं. पहिल्या ठिकाणी फोन केला. पलीकडून पॅकेज सांगितलं, सवलत सांगितली, पैसे कसे भरणार तेही विचारलं. आजार काय आहे, हे मात्र कोणीही विचारलं नाही.

केटामाइनला 'नशेचं औषध' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. 1970 पासून हे भुलीचं मान्यताप्राप्त औषध आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. नैराश्यासाठी त्याचा डोस भुलीपेक्षा बराच कमी असतो: साधारण किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, शिरेतून, 40 मिनिटांत हळूहळू. नेहमीच्या गोळ्यांना आठवडे लागतात, याचा गुण काहींना काही तासांत दिसतो. बुडत्या माणसाला तेवढं पुरे असतं. आणि नेमकं हेच ओळखून ही मंडळी दुकान मांडून बसलीत! एका डोसचा परिणाम बहुतेकांत आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो, हे त्या सूर्योदयाखाली कुठे लिहिलंय?

बहिणीला शेवटी ज्या मानसोपचारतज्ज्ञ भेटल्या, त्यांनी आधी उलटतपासणीच घेतली. कोणती गोळी, किती डोस, किती आठवडे? घरात कुणाला सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा आजार, होता का? दारू? लघवीचा त्रास? बहीण वैतागली, "बाई औषध देणार आहेत की परीक्षा घेणार आहेत?" त्यात रक्तदाब जास्त निघाला. बाईंनी सरळ सांगितलं, आधी तो आटोक्यात आणा, मग बघू. ती रडली. मला मात्र हायसं वाटलं. नाही म्हणू शकणारं कुणीतरी भेटलं होतं.

लांब राहणाऱ्यांना, पैशाची ओढाताण असलेल्यांना केटामाइनची घरपोच गोळी सोयीची वाटते. असेल सोयीची. पण अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर 2023 मध्ये अशा घरी घ्यायच्या, खास बनवून दिलेल्या केटामाइनबद्दल इशारा दिला, तो काय उगाच? एस्केटामाइन या केटामाइनच्याच एका प्रकाराच्या नाकातल्या स्प्रेला त्याच एफडीएने 2019 मध्ये मंजुरी दिली, ती अटी घालूनच: दवाखान्यातच घ्यायचा, नंतर किमान दोन तास देखरेखीखाली थांबायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही.

बहिणीला पुढे औषध मिळालं तेव्हा मी खोलीत होते. आपण शरीरापासून लांब गेलोय असं तिला वाटायला लागलं आणि ती घाबरली. नर्सने रक्तदाब पाहिला, शांतपणे म्हणाली, "होतं असं, उतरेल." उतरलं. बहीण ठणठणीत झाली का? नाही. वाईट दिवस अजून येतात, समुपदेशन चालू आहे. पण सकाळी उठून ती स्वतःचा चहा करते, आणि या घरात ती केवढी गोष्ट आहे हे तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही शोधत असाल तर एवढंच विचारा: तपासणार कोण? मध्येच रक्तदाब चढला तर खोलीत कोण असेल? गुण आला नाही तर पुढे काय? उत्तराऐवजी पॅकेज ऐकवलं तर फोन ठेवा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर क्लिनिक शोधत बसू नका. कुणाला तरी सोबत घ्या आणि आत्ताच्या आत्ता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.