देवचाराला हिट पॉइंट देणाऱ्यांसाठी

‘डी अँड डी येत असेल तर दुसरा एकही रोलप्लेइंग गेम शिकू नका. भुताटकी, दरोडा, हेरगिरी, सगळं त्याच नियमांत बसतं.’ असा मुद्देसूद फॉरवर्ड सध्या फिरतोय. (डी अँड डी म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’; रोलप्लेइंग गेम म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन नियमांनी खेळायची गोष्ट.) मी तो सोडूनही दिला असता. पण गणपतीत मालवणच्या घरी भावंडांना जमवून देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदार भुताची, गोष्ट खेळवायला निघालेल्या माझ्या भाचीने तो वाचला आणि म्हणाली, ‘मामा, मगे ह्याच घेवया ना.’

त्यातला सगळ्यात अचाट मुद्दा असा: ‘भीती वातावरणाने येते, नियमांनी नाही. लाइट घालवा, मेणबत्ती लावा.’ अहो, आमच्याकडे गणपतीत लाइट आपोआप जातात, त्यासाठी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, कशाला हवा?

हिशोबच करू. डी अँड डीच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीतला दहाव्या लेव्हलचा फायटर, म्हणजे लढवय्या, घ्या, कॉन्स्टिट्यूशन (अंगातली ताकद-चिवटपणा) अधिक 2. ठरलेल्या सरासरीने हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, होतात 84. पडण्याचा नियम: दर 10 फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त 20 फासे. मान चुकला म्हणून रागावलेल्या देवचाराने गड्याला 200 फुटांच्या कड्यावरून ढकललं तर सरासरी मार 70. गडी कपडे झटकून उठतो. लंगडतसुद्धा नाही. आठ तास विश्रांती झाली की पुन्हा 84, सकाळी घावणे खायला हजर. याला कसली भीती वाटणार?

‘मग पहिल्या लेव्हलला खेळा’ म्हणणारे येतीलच. खेळा. तिथे माणूस पटकन मरतो, कबूल. पण खरी गोची पुढेच आहे. या खेळात राक्षस मारला की एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात आणि एक्सपीने लेव्हल वाढते. देवचाराच्या नावापुढे हिट पॉइंट लिहिलेत की पोरं तलवारी काढणारच, त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे देवचाराला कोणी मारायला जात नाही. तो राखणदार. त्याला मान देतात, गाऱ्हाणं घालतात.

उलट 1981 चा ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा भयकथांचा रोलप्लेइंग गेम बघा. साध्या माणसाचे हिट पॉइंट दहा-बाराच्या आसपास, आणि अनुभवाने ते वाढत नाहीत. शिवाय सॅनिटी, म्हणजे मन किती ठिकाणावर आहे, याचा वेगळा आकडा. भयंकर काही दिसलं की तो उतरतो, आणि तो खोडून नवा लिहायचं काम खेळणाऱ्याच्याच हाताला. पुढचं दार उघडताना तो हात अडखळतो. गंमत म्हणजे, डी अँड डीच्याच प्रकाशकाने 2002 मध्ये हा खेळ आपल्या डी20 (वीस बाजूंच्या फाशाच्या) नियमांत बसवला, तेव्हा त्यांनाही सॅनिटी ठेवावीच लागली. फॉरवर्डवाल्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळत असेल तर प्रश्नच मिटला.

‘डीएम चांगला असला की झालं.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मानतो. मुरलेला डीएम काहीही रंगवतो. पण कसं? पटत नाहीत ते नियम गुपचूप बाजूला सारून. म्हणजे नियमांत बसलं नाही, डीएमने बसवलं. आणि माझी भाची पहिल्यांदाच खेळवतेय. भुयारं, मारामारी आणि महिनोन्‌महिने चढत जाणाऱ्या लेव्हल हव्या असतील तर डी अँड डी जरूर घ्या. 1974 साली तो युद्धखेळांतूनच जन्मला, ते त्याला जमतंच. होडी चांगली म्हणून ती कोणी आंबोली घाट चढवत नाही.

‘नवे नियम शिकायला महिने लागतात.’ ‘ड्रेड’ या भीतीच्या खेळात फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांचा जेंगाचा मनोरा असतो. जोखमीचं काही करायचं तर ठोकळा काढून वर ठेवायचा, मनोरा पडला की तुमचं पात्र गेलं. आरती आटोपल्यावर मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना पाच मिनिटांत समजतं. फक्त टेबलाला धक्का मारणारा एक काका प्रत्येक घरात असतो, त्याला लांब बसवा. दरोड्याची गोष्ट असेल तर ‘ब्लेड्स इन द डार्क’ बघा: आखणीत तासभर घालवायचा नाही, अडचण आली की ‘याची सोय मी आधीच केली होती’ म्हणून मागे जाता येतं.

‘बाकीची पुस्तकं म्हणजे पैसे काढायचे धंदे.’ क्थुलूचे प्राथमिक नियम फुकट मिळतात. ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ एका पानाचा आहे, तोही फुकट.

उरलेले दोन मुद्दे म्हणजे ‘मी कित्येक वर्षं खेळतोय’ आणि ‘पटत नसेल तर ग्रुप सोडा’. ग्रुप मी सोडलेला नाही.